अक्षरांच्या टोपलीतला बर्फ

कापूस फुटला की मला संशय यायला लागतात. या दिवसांत कुणाला थंडीची चाहूल लागते, कुणाला फराळाच्या तळणाचा वास येतो. मला मात्र शाळेकडं येताना रस्त्याकडेच्या बाभळीच्या काट्यांना अडकलेले कापसाचे पुंजके दिसले, की पहिली आठवण होते ती हजेरीपटाची. आज पहिलीतली किती पोरं नसतील? त्यातली किती खरंच आजारी आणि किती आईबरोबर वेचणीला? मग मी वर्गाच्या दारात उभी राहते आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची बोटं बघते. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडेला बारीक ओरखडे उठतात. "काल ताप आला होता" असं तोंड सांगत असतं आणि बोटं दुसरंच सांगत असतात. मी रागवत नाही. पण बघितल्याशिवाय आतही सोडत नाही.

माझ्या या स्वभावाची घरात चेष्टा होते. चहात साखर घातली आहे असं शपथेवर सांगितलं तरी तू चमचा तळाशी फिरवून बघशील, असं म्हणतात. बघेन. का बघू नये? मी वीस वर्षं पहिलीला शिकवते आहे, आणि पहिलीला शिकवणारं माणूस संशयी नसेल तर त्याची फसवणूक ठरलेली आहे. भिंतीवर चित्रांचा तक्ता असतो. पोर त्यावर छडी टेकवत धडाधड वाचतं, क कमळाचा, ग गवताचा. पाहुणे खूश होतात. मी पुढं होऊन चित्रावर तळहात ठेवते आणि गाडी तिथंच थांबते. त्यानं अक्षर वाचलेलंच नसतं, कमळ वाचलेलं असतं. एकानं तर मला दोन महिने चकवलं होतं. अक्षरकार्डांतला 'ज' तो कधीच चुकायचा नाही. नंतर लक्षात आलं, त्या कार्डाचा कोपरा उंदरानं खाल्लेला होता. मी नवं कार्ड केलं आणि त्याचा ज गेला.

तर अशी मी. आणि तरीही एका हंगामात ज्या गोष्टीचा संशय यायला हवा होता, नेमका तिचाच मला आला नाही. ती गोष्ट म्हणजे मी स्वतः.

सहा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी झरीच्या पुढच्या एका गावात होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या गावाला आपलं नाव कागदावर आलेलं आवडत नाही. शाळा दोन खोल्यांची. पुढं लिंबाचं झाड, मागं काळ्या रानाची सपाटी, आणि दसरा झाला की त्या सपाटीवर जिकडं बघावं तिकडं पांढरं. सोयाबीनच्या राशी नुकत्याच उरकलेल्या असायच्या, त्यांची धूळ खिडकीच्या गजांवर बसलेली असायची. ती नाकात चुरचुरायची. आजही कुठं मळणीयंत्र चालू असलं की मला सोयाबीनचा वास येत नाही, त्या वर्गाचा येतो.

त्याच वर्षी आम्हाला एक प्रशिक्षण झालं होतं. शिकवायला आलेल्या बाईंचा आवाज इतका गोड होता की मी पहिल्या दहा मिनिटांतच सावध झाले. त्या म्हणाल्या, तक्त्यावरचं कमळ तुमच्या मुलांनी पाहिलंय का? अक्षराला मुलाच्या घरातली वस्तू जोडा. मुलांना ती घरून आणू द्या, हातात धरू द्या, तिच्याबद्दल बोलू द्या. अक्षर आपोआप चिकटेल. मी मनात म्हटलं, आपोआप काहीही चिकटत नसतं. पण करून बघितलं. बुरुडाकडून एक मोठी टोपली आणली, तिला गेरूनं रंगवलं आणि वर्गाच्या मधोमध ठेवली. अक्षरांची टोपली. दोन दिवसांचं एक अक्षर. क-ख-ग असं ओळीनं नाही, प्रशिक्षणात सांगितलं तसं, आधी सोपी आणि घरात सतत ऐकू येणारी.

पहिलं अक्षर म. टोपली काठोकाठ भरली. मीठ आलं, मिरची आली, मोरपीस आलं, मक्याचं कणीस आलं, आणि एका पोरानं शर्टात कोंबून जिवंत मांजर आणलं. ते फळ्यामागं शिरलं आणि मधल्या सुट्टीपर्यंत बाहेर आलं नाही. क ला कंगवा, कात्री, किल्ली नसलेलं कुलूप. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून बोलायची. "हे आमच्या आज्जीचं हाय." "ह्ये माझ्या मामानं औरंगाबादहून आणलंय." मी तळहातानं झाकून झाकून तपासलं. म खरंच म म्हणून ओळखत होती. चित्र नव्हतं, उंदरानं खाल्लेला कोपरा नव्हता. मी मनातल्या मनात त्या गोड आवाजाच्या बाईंची माफी मागितली.

प्रशिक्षणातली दुसरी सूचना अशी होती की कोणत्या मुलानं कोणती वस्तू आणली त्याची नोंद ठेवा, फोटो काढा आणि पालकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर टाका. म्हणजे पालकांचा सहभाग वाढतो. आमच्या खात्यात फोटो नसेल तर उपक्रम झालाच नाही असं धरतात, त्यामुळं तेही मी इमानेइतबारे केलं. दोनशे पानी वही घातली. प्रत्येक पोराला एक पान. डाव्या बाजूला अक्षर, उजव्या बाजूला घरातून आलेली वस्तू.

वर्गात शिवकन्या होती. सहा वर्षांची, दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले, आणि त्या फटीतून बोलणं नुसतं सांडत असायचं. तिच्या घरी शंकराची भक्ती. वडील मन्मथअप्पा सकाळी कपाळावर भस्माचे पट्टे ओढल्याशिवाय चहाला हात लावत नसत. दोन एकर रान आणि पत्र्याचं घर. त्यांचं नाव घरकुलाच्या यादीत लागायच्या बेतात होतं, आणि त्या घरात दिवसातून एकदा तरी "आपलं घर झालं की" या शब्दांनी वाक्य सुरू व्हायचं. हे मला शिवकन्यानंच सांगितलं होतं. ती सगळंच सांगायची.

ब चा दिवस आला. पोरांनी बटाटे, बांगड्या, बाटल्या आणल्या. शिवकन्या सगळ्यात शेवटी आली, पळत आली, झाकणाचा एक डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून. फ्रॉक पुढून ओला. तिनं झाकण काढलं. आत बर्फ होता. अर्धा विरघळलेला, उरलेले चार खडे पाण्यात हेलकावत होते.

"ब बर्फाचा!" ती ओरडली.

ऑक्टोबरातलं ऊन, पत्रे तापलेले, आणि वर्गात बर्फ. बावीस पोरांनी ते चार खडे आळीपाळीनं गालाला लावले. कुणी किंचाळलं, कुणी चाटलं. एक खडा माझ्याही तळहातावर आला. ब गिरवायला मी त्या दिवशी खडू दिलाच नाही, बर्फाच्या पाण्यात बोट बुडवून फरशीवर काढायला लावला. फरशी क्षणात कोरडी व्हायची आणि पोरं पुन्हा काढायची. वीस वर्षांत ब इतक्या लवकर कधी शिकवला गेला नसेल. शिवकन्याचा डबा हातात धरलेला फोटो मी काढला आणि ग्रुपवर टाकला. वहीत लिहिलं, ब, बर्फ.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी कुलूप लावत होते तेव्हा शिवकन्याची आई आली. गावात बाकी सगळे मला मॅडम म्हणायचे, ती एकटी बाई म्हणायची. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती लिंबाखाली उभी राहिली.

"बाई, ते फोटू काढून टाका."

"का हो? किती छान आलाय."

"काढून टाका म्हणायले ना." मग आवाज उतरवून म्हणाली, "सगळ्या गावानं बघितलाय. बर्फ हाय म्हंजी फ्रिज हाय. आमचं घरकुलात नाव लागायलंय, बाई."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोनच महिन्यांपूर्वी मी त्याच गावात घरोघरची माहिती भरली होती. ते कामही आम्हा शिक्षकांकडंच असतं. नळ आहे का, मोटारसायकल आहे का, फ्रिज आहे का. ज्याच्या घरी फ्रिज त्याचं घरकुल गेलं, अशी गावात समजूत होती. ती कितपत खरी, कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पण समजूत पक्की होती.

"तवा तुमीच तुमच्या हातानं 'न्हाई' लिवलं," ती म्हणाली. "अन् आता पोरीच्या हातून काढून घ्यायलाव. असं का करायलाव, बाई? आमचं काय चुकलं?"

मी म्हणाले, अहो, तसं काही नाही, हे मुलांना अक्षर शिकवायचं आहे. तिनं मान हलवली, ऐकलं म्हणून नव्हे, तर मी असंच म्हणणार हे तिला ठाऊक होतं म्हणून. तो फ्रिज तिच्या भावानं दिलेला, जुना, दार सुतळीनं बांधलेला, वीज असेल तेव्हाच चालणारा. तिनं हे सगळं सांगितलं, जणू मी पुन्हा फॉर्म घेऊन बसले होते. मी तिच्यासमोर फोटो काढून टाकला. ती माझ्या मोबाईलकडं बघत राहिली. तो फोटो एव्हाना वीस घरांत पोचला होता हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

आणि जे तिला ठाऊक नव्हतं ते मी तिला सांगितलं नाही. इथं सांगते. दोन महिन्यांपूर्वी तिच्या घराच्या नावापुढं मी 'नाही' लिहिलं होतं खरं, पण विचारलं कुणालाच नव्हतं. तिला वाटत होतं, मन्मथअप्पांनी तसं सांगितलं असेल. ऊन फार होतं, घरं बरीच उरली होती. पाराच्या सावलीत बसून, पत्र्याचं छप्पर लांबून बघून मी सगळे रकाने भरले होते. नाही, नाही, नाही. त्या घरात कुणीच खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना सांगायची वेळच मी येऊ दिली नव्हती. चित्र झाकून अक्षर तपासणारी मी, घर न बघताच वाचून मोकळी झाले होते.

पुढचं अक्षर द होतं. मी टोपली मांडली. पहिलं पोर आलं, त्यानं खिशातून दगड काढला आणि ठेवला. दुसऱ्यानंही दगड ठेवला. तिसरीनं दगड धुऊन आणला होता. बघता बघता एकवीस दगड झाले. त्यात एक विटेचा तुकडा होता. तो आणणाऱ्याला शेजारच्यानं तिथंच झापलं, "ती वीट हाय. ती द मधी येत न्हाई." दूध नाही, दिवा नाही, दोरी नाही. एका रात्रीत सगळं गाव एकमतानं दगडावर आलं होतं. ग्रामसभेत कधी एवढं एकमत झालेलं मी पाहिलं नाही. त्यानंतर प ला पाला आला, ग ला गवत आलं. ज्याच्यावरून घरात काय आहे ते कुणाला कळू नये, अशी मुळाक्षरं गावानं तयार केली होती. पोरं वस्तू ठेवायची आणि गप्प बसायची. टोपलीभोवतीची बडबड संपली.

द च्या त्या दिवशी शिवकन्यानं काहीच आणलं नव्हतं.

"शिवकन्या, तू?"

"आमच्या घरी काहीच न्हाई." ती जमिनीकडं बघून म्हणाली.

"अगं, द आहे आज. दगडही नाही का?"

"दगडबी न्हाई."

पोरं हसली. मीही हसले बहुतेक, आणि ते मला अजून सलतं. कारण त्यानंतर ती प्रत्येक अक्षराला तेच म्हणायला लागली. प? न्हाई. ग? न्हाई. मग फळ्यावरचं अक्षर कोणतं म्हणून विचारलं तरी न्हाई. तिच्या आईनं तिला एकच गोष्ट शिकवली होती, बाई विचारतील त्याला न्हाई म्हणायचं. सहा वर्षांच्या पोरीनं ती माझ्या सगळ्या अक्षरांपेक्षा जास्त चोख पाठ केली. तिच्या पडलेल्या दातांच्या जागी नवे दात यायला लागले होते, आणि त्यांच्यामागं बोलणं बंद झालं होतं. मला भीती वाटायला लागली. पहिलीत ज्याचं वाचन हुकतं ते पोर पुढं चौथीपर्यंत नुसतं ओठ हलवत बसतं, मी अशी कितीतरी पाहिली आहेत.

मग ती यायचीच बंद झाली. वेचणी सुरू झाली होती.

एका रविवारी मी त्यांच्या रानात गेले. पहिल्या वेचणीला आमच्याकडं सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच झाडाला हात लावायचा. मी पोचले तेव्हा नैवेद्य नुकताच झाला होता. तिच्या आईनं मला बघितलं, क्षणभर तिच्या कपाळावर आठी आली, पण दारी काय आणि रानात काय, आलेल्या माणसाला तसंच पाठवत नाहीत. तिनं पळसाच्या पानावर दहीभात दिला. मी घास घेतला. दही गार होतं. विहिरीच्या पाण्यात ठेवल्यासारखं नव्हे, चांगलं दाताला लागेल असं गार. मी वर बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. मी दुसरा घास घेतला. अख्खा भात आम्ही दोघींनी तसाच संपवला.

"शिवकन्याला शाळेत पाठवा," मी म्हणाले.

"पाठिवते." मग कमरेची कापसाची ओटी सारखी करत ती म्हणाली, "बाई, एक इचारू? खरं सांगा. तुमच्या त्या वहीतली यादी कुठं जाती?"

"कुठंच जात नाही."

"मग लिवता कशाला?"

प्रशिक्षणात सांगितलंय म्हणून. नोंद असावी म्हणून. तपासायला कुणी आलं तर दाखवायला असावं म्हणून. यातलं एकही तिच्यासमोर तोंडातून निघेना. कापसाच्या ओळीत वारा होता, आणि पलीकडं जिंतूरच्या रस्त्यावरून एसटी गेल्याचा आवाज आला. मी पदरानं तोंड पुसलं आणि निघाले.

परतताना बांधाच्या कडेला शिवकन्या दिसली. उकिडवी बसली होती, पाठमोरी. तिच्यापुढं काळ्या मातीत बोंडांची वाळलेली टरफलं मांडलेली होती. मी जवळ गेले, आवाज न करता. ती टरफलं नुसती मांडलेली नव्हती. तो ब होता. मोठा, हातभर लांब, पोटातली तिरकी रेघसुद्धा जागच्या जागी. चित्र नाही, तक्ता नाही, काही नाही. तिला माझी सावली दिसली. ती उभी राहिली आणि एका पायानं तिनं तो ब पुसून टाकला. मग माझ्याकडं असं बघितलं की जणू चोरी पकडली गेली.

पोराला येत नाही आणि ते येतं असं दाखवतं, हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. येतं आणि ते येत नाही असं दाखवतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या सगळ्या संशयांत हा एक संशय कधी नव्हताच.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी पालकांना शाळेत बोलावलं. ओसरीवर सगळे बसले, बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. मी ती दोनशे पानी वही काढली आणि सर्वांसमोर एकेक पान फाडून ज्याचं त्याच्या हातात दिलं. म्हटलं, हे तुमचं आहे, तुमच्या घरी ठेवा, जाळा, काहीही करा. माझ्याकडं आता काही राहिलं नाही. मला वाटलं, आता कुणीतरी चांगले दोन शब्द बोलेल. मग मन्मथअप्पांनी आपलं पान दोन्ही बाजूंनी उलटसुलट बघितलं, उन्हाकडं धरलं, आणि शांतपणे विचारलं, "झेरॉक्स तर काढून ठिवली असंल की?"

सगळी ओसरी हसली. मीही हसले. म्हटलं, अप्पा, तुम्ही पहिलीला शिकवायला पाहिजे होतं. शिवकन्याची आई तेवढी हसली नाही. तिनं पानाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि कनवटीला लावली.

दिवाळीनंतर मी घरातल्या वस्तू मागणं सोडलं. टोपलीत सरकी भरली. खडूनं फरशीवर मोठं अक्षर काढायचं आणि त्याच्या रेघेवर सरकी मांडत जायची. सरकीवरून कुणाच्या घरात काय आहे ते कळत नाही, सगळ्यांच्याच घरी असते. बडबड हळूहळू परत आली. शिवकन्याही आली, सरकी मांडायला लागली, सगळ्यांत नीट मांडायची. पण वाचून दाखव म्हटलं की तोंडाला कुलूप. मार्च गेला, एप्रिल गेला. प्रगतिपत्रकात एक रकाना असतो, मोठ्यानं वाचन करते का. सगळ्यांचं भरून झालं आणि शिवकन्याच्या नावासमोर माझं पेन थांबलं. मी एकदाही ऐकलं नव्हतं. त्या पुसलेल्या ब च्या जोरावर मी 'हो' लिहिलं. ते खरं लिहिलं की खोटं, मला कळलं नाही. उन्हाळ्यात माझी बदली पिंगळीकडं झाली आणि तो रकाना मनात तसाच राहिला.

दर वर्षी कापूस फुटला की तो मला आठवतो. आणि यंदा घरोघरच्या माहितीचं काम पुन्हा आलं. ओळखीचं गाव म्हणून तेच गाव माझ्या वाट्याला आलं. तिकडं जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी बसून फॉर्मांचा गठ्ठा पुढं घेतला. काम लवकर उरकावं म्हणून बऱ्याच रकान्यांत आधीच पेन्सिलीनं नव्हे, चक्क पेनानं 'नाही' लिहून टाकलं. हे मी का सांगते आहे? कारण माणूस बदलतो या गोष्टीचाही मला संशय आहे.

मन्मथअप्पांचं घर लांबून ओळखता आलं नाही. घरकुल झालं होतं. दोन खोल्या, गिलावा अजून बाकी, दाराला निळा रंग. अंगणात शिवकन्याची आई कापसातला पालापाचोळा निवडत बसली होती. "या बाई, बसा," ती म्हणाली. तिनं मला ओळखायला क्षणभरही लावला नाही. आतून बारा वर्षांची एक उंच मुलगी आली. वेण्या दोनच होत्या. तिनं नमस्कार केला आणि माझ्या हातातल्या फॉर्मकडं हात पुढं केला.

"वाचू द्या तिला," आई मान खाली घालूनच म्हणाली. "आमच्या घरात कुठलाबी कागद आधी ती वाचती. ती वाचल्याबिगर आमी सही करीत न्हाई."

शिवकन्या उंबऱ्यावर बसली, फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि वाचायला लागली. मोठ्यानं. ओळीखाली बोट ठेवून, एकही शब्द न गाळता, कुटुंबप्रमुखाचे नाव, घराचा प्रकार, पिण्याच्या पाण्याची सोय. जोडाक्षरावर अडकायची नाही, पण घाईही करायची नाही, प्रत्येक शब्दाला दारातच थांबवून मग आत घ्यायची. मी चहाचा कप हातात धरून ऐकत होते. सहा वर्षं जे ऐकायचं राहिलं होतं ते मला ऐकू येत होतं. माझे डोळे भरून आले, आणि ते तिला दिसू नयेत म्हणून मी कापसाच्या ढिगाकडं बघत राहिले.

वाचणं थांबलं.

"मॅडम, तुम्ही अजून काही विचारलंच नाही," ती म्हणाली. "मग इथं 'नाही' आधीच कसं लिहिलंय?"

तिनं बोट फ्रिजच्या रकान्यावर टेकवलं.

"फ्रिज हाय आमच्याकडं. आहे म्हणून लिहा."

आईनं कापसातून हात काढला. "शिवकन्या, काय सांगायलीस?"

"जे हाय ते सांगायले," ती आईला म्हणाली. आई माझ्याकडं बघत राहिली, अगदी तशीच, त्या दहीभाताच्या वेळी बघितलं होतं तशी. मग तिनं मान खाली घातली आणि पुन्हा कापूस निवडायला लागली.

मी पेन काढलं, 'नाही' वर रेघ मारली आणि शेजारी 'आहे' लिहिलं. फॉर्म घडी घालायला घेतला तर शिवकन्यानं त्यावर बोट ठेवलं. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती. इतकी वर्षं हे फॉर्म भरते आहे, पण ती ओळ मी कधी वाचली नव्हती. तिनं ती वाचून दाखवली. खाडाखोड केल्यास माहिती भरणाऱ्याने त्या ठिकाणी सही करावी.

मी त्या खोडलेल्या 'नाही' शेजारी सही केली. शिवकन्यानं कागद जवळ घेतला, आणि ती सही माझीच आहे का, ते एकेक अक्षर लावून वाचून बघितलं.